एक्क्याऐंशी एकरांचं अंगण

सुट्टी लागली की घरोघरी एकच भांडण. ‘उठ त्या कॉम्प्युटरपुढून!’ आमच्याकडे तर लॅपटॉप एकच, त्यामुळे भांडणाला धारही जास्त. लेकाला त्यावर क्लासचे व्हिडिओ बघायचे असतात, यांना हिशेब करायचा असतो, आणि सातवीतली लेक म्हणते, ‘मला फक्त एक तास!’ तिचा तास म्हणजे खेळच, मग तो सगळ्यात आधी कापायचा, असा घरातला अलिखित नियम. म्हटलं, कापण्याआधी बघू तरी ही करते काय.

ती खेळत नव्हती, खेळ बनवत होती! रोब्लॉक्स हे नाव तुमच्याही कानावर आलं असेल. डेव्हिड बझुकी आणि एरिक कॅसल या दोघांनी अमेरिकेत ते उभं केलं, २००६ मध्ये ते सर्वांना खुलं झालं. खेळायला मोबाइल चालतो, पण खेळ बनवायचा तर त्याचा ‘स्टुडिओ’ लागतो आणि तो कॉम्प्युटरवरच चालतो. आता कळलं, ती लॅपटॉपसाठी एवढी का अडून बसते ते.

तिला हवं होतं मैदान. भलं मोठं, जत्रा भरवता येईल एवढं. आमच्या गल्लीमागच्या मैदानावर संध्याकाळी मुलांचं क्रिकेट असतं, मुली कडेकडेने चालतात. त्यामुळे पोरीला मैदानच का हवं, हे मी काही विचारलं नाही.

तिथे लांबी ‘स्टड’मध्ये मोजतात. एक स्टड म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर, आपली वीतभर आणि वर चार बोटं. जमिनीचा एक तुकडा लांबी-रुंदीला २०४८ स्टडपर्यंतच ताणता येतो, पुढे नाही. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. एक बाजू ५७३ मीटर, म्हणजे एकूण ८१ एकर झाले की! हे मागून म्हणाले, ‘सातबारा कुणाच्या नावावर?’

तरी बाईसाहेबांना जागा कमीच! मग तुकड्याला तुकडा जोडायचा. खरी गंमत इथे आहे. तुकडा कुठे ठेवायचा ते त्याच्या मध्यबिंदूवरून सांगावं लागतं. चार तुकडे मधोमध जुळवायचे तर प्रत्येकाचा मध्य दोन्ही दिशांना १०२४ वर, कुठे अधिक तर कुठे उणे. गणिताच्या वहीत ऋण संख्या बघून तोंड वाकडं करणारी ही मुलगी इथे त्या बोटांवर खेळवत होती. एक स्टड जास्त सरकला की फट दिसते. तुकडे एकावर एक आले आणि रंग वेगळे असले की तो भाग लुकलुकतो, कारण वर कुणाला दाखवायचं हे कॉम्प्युटरला ठरवता येत नाही. आणि नवा तुकडा ‘अँकर्ड’ करायचा, म्हणजे जागेवर खिळवायचा, राहिला तर खेळ सुरू होताच अख्खी जमीन खाली कोसळते!

‘मग वाढव की हवी तेवढी,’ मी म्हटलं.

‘नाही गं आई, फार लांब गेलं की बाहुली थरथरते.’

हे मला आधी पटेना. पण आपल्या साध्या कॅल्क्युलेटरवर कसे ठरावीकच आकडे मावतात? पूर्णांक मोठा झाला की दशांशाला जागा उरत नाही. तसंच इथे. मध्यापासून लाखो स्टड दूर गेलं की बारीक हालचाल नीट मोजली जात नाही, सगळं हिसके खात चालतं. म्हणून ठिपक्यांच्या रांगोळीसारखं मधून बाहेर वाढवत न्यायचं. चढउतार, गवत, पाणी हवं तर ‘टेरेन’ नावाची वेगळी सोय आहे, पण आमच्या जुन्या लॅपटॉपला ती जड जाते.

चार तुकड्यांचं मैदान झालं आणि ती बाहुली घेऊन चालायला निघाली. बाहुली सेकंदाला १६ स्टड चालते. या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वाचार मिनिटं! वाटेत ना झाड, ना माणूस. दुसऱ्या मिनिटालाच ती कंटाळली. गप्प झाली, आणि मग स्वतःच दोन तुकडे पुसून टाकले. मला विचाराल तर त्या दिवशीचं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

एक मात्र मी बजावलंय. मैदान सध्या आपल्यापुरतंच ठेवायचं, सगळ्यांना खुलं करायचं ते मला विचारून. अनोळखी माणसांशी गप्पा नाहीत आणि पैशाचं काही दिसलं की आधी मला हाक.

तिचा तास आता संध्याकाळी सात ते आठ असा ठरलाय, तो लेकानेही मोडायचा नाही आणि यांनीही. सध्या मैदानात विहीर चालली आहे. बाहुलीची उंची साधारण पाच स्टड, मग कठडा किती ठेवावा म्हणजे ती वाकून आत बघेल पण पडणार नाही, यावर काल जेवताना आमची बरीच चर्चा झाली. मी दोन म्हणतेय, ती तीन म्हणतेय.