ऑनलाइन व्यक्ती-ते-व्यक्ती कर्जव्यवहार : कर्जदाराचे प्रकटीकरण आणि कर्जदात्याची जोखीम

१. प्रस्तावना

ज्याला कर्ज द्यावयाचे त्याची माहिती असल्याशिवाय पैसा हातातून सोडू नये, हे व्यवहारातील जुने सूत्र आहे. गावातील सावकाराला कर्जदाराची जमीन, घरातील माणसे, मागील हंगामाचे पीक आणि त्याची परतफेडीची रीत ठाऊक असे. बँकांनी या प्रत्यक्ष ओळखीची जागा कागदपत्रे, तारण व जामीनदार यांना दिली. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये ‘झोपा’ आणि २००६ मध्ये अमेरिकेत ‘प्रॉस्पर’ ही संकेतस्थळे सुरू झाली आणि कर्जव्यवहाराचा तिसरा मार्ग पुढे आला. येथे धनको व ऋणको दोघेही सामान्य व्यक्ती असतात. ते परस्परांना ओळखत नाहीत, कर्जाला तारण नसते व जामीनदारही नसतो. कर्जदाराने स्वतःविषयी दिलेली माहिती आणि संकेतस्थळाने त्याला दिलेली पतश्रेणी एवढाच त्यांच्यातील दुवा असतो.

कर्जदाराने जितकी अधिक माहिती द्यावी तितकी कर्जदात्याची जोखीम कमी होते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे. सदर लेख दुय्यम साधनसामग्रीवर आधारित असून त्यात प्रामुख्याने प्रॉस्परच्या अनुभवाचा विचार केला आहे. या संकेतस्थळाच्या आकडेवारीवर अनेक अभ्यासकांनी काम केल्यामुळे त्याचा अनुभव सर्वाधिक बारकाईने नोंदला गेला आहे.

२. सैद्धान्तिक आधार

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असममित माहितीचा प्रश्न मांडला. विक्रेत्याला गाडीचे दोष माहीत असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो. जोसेफ स्टिग्लिट्झ व अँड्र्यू वाईस यांनी १९८१ मध्ये हाच विचार कर्जबाजाराला लागू केला. जोखीम भरून काढण्यासाठी कर्जदात्याने व्याजदर वाढविला, तर सावध व प्रामाणिक कर्जदार माघार घेतो. परतफेडीची फारशी चिंता नसलेला कर्जदार मात्र तो दर मान्य करतो. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात.

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखविला, तो म्हणजे संकेतनाचा. चांगल्या व्यक्तीने आपले वेगळेपण दर्शविणारा संकेत द्यावा. मात्र तो संकेत इतरांना सहज देता येऊ नये, ही त्याची अट आहे. ज्या संकेताची नक्कल फुकट करता येते, तो संकेत निरर्थक ठरतो. अ‍ॅकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक संयुक्तपणे देण्यात आले. स्पेन्स यांची अट पुढील संपूर्ण विवेचनाचा पाया आहे.

३. प्रॉस्परची कार्यपद्धती

प्रॉस्परच्या आरंभीच्या पद्धतीत कर्जदार २५,००० डॉलरपर्यंतच्या तीन वर्षे मुदतीच्या विनातारण कर्जाची मागणी नोंदवीत असे. आपण जास्तीत जास्त किती व्याज देऊ शकतो, हेही तो सांगत असे. कर्जदाते ५० डॉलरपासून बोली लावीत. मागणीइतकी रक्कम जमा झाल्यावर बोलीची चढाओढ व्याजदर खाली आणीत असे.

कर्जदाराच्या मागणीत दोन प्रकारची माहिती असे. पहिली सत्यापित माहिती. पतविषयक माहिती संस्थेकडील नोंदींवरून कर्जदाराला श्रेणी दिली जाई. दुसरी असत्यापित माहिती. कर्ज कशासाठी हवे, आपण कोण आहोत, पूर्वी हप्ते का थकले, आता ते का थकणार नाहीत, याविषयी कर्जदार स्वतःच्या शब्दांत लिहीत असे व हवे तर छायाचित्रही जोडीत असे. या मजकुराची सत्यता कोणी तपासत नसे.

या पद्धतीचा परिणाम काय झाला? २००६ ते २००८ या काळात प्रॉस्परवरून दिलेल्या कर्जांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कर्जे बुडाली. २००८ च्या आर्थिक संकटाचा यात वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि कर्जदात्यांनी माहितीचा उपयोग कसा केला, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

४. असत्यापित माहितीचा प्रभाव

जेरेमी मिशेल्स यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार, कर्जदाराने दिलेल्या प्रत्येक अतिरिक्त असत्यापित प्रकटीकरणाबरोबर व्याजदर १.२७ टक्के-अंकांनी कमी झालेला व बोली ८ टक्क्यांनी वाढलेली आढळते. म्हणजेच ज्या विधानाची शहानिशा शक्य नव्हती, त्या विधानालाही बाजाराने किंमत दिली.

हर्झेनस्टाईन, सोनेनशाइन व ढोलकिया यांनी २०११ मध्ये प्रॉस्परवरील १,४९३ कर्जमागण्यांतील निवेदने तपासली. ‘मी विश्वासू आहे’, ‘मी कष्टाळू आहे’, ‘मी यशस्वी आहे’, ‘मी धर्मपरायण आहे’ अशा स्वतःविषयीच्या दाव्यांची संख्या जसजशी वाढते, तसतशी कर्ज मिळण्याची शक्यता वाढते. परंतु त्याच कर्जांची परतफेड अधिक वाईट होते, असे त्यांना आढळले. विश्वासूपणाचा दावा पैसा मिळवून देण्यास उपयोगी पडला, परंतु परतफेडीचा अंदाज बांधण्यास तो फारसा उपयोगी नव्हता.

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. एका प्राध्यापकाने १,००,००० रुपये वीस कर्जदारांना प्रत्येकी ५,००० याप्रमाणे एका वर्षासाठी १८ टक्के दराने दिले आणि मुद्दल व व्याज वर्षअखेरीस एकरकमी परत मिळणार आहे, असे समजू. तीन कर्जदारांनी काहीच परत केले नाही, तर उरलेल्या सतरा जणांकडून १,००,३०० रुपये येतात. मुद्दल जेमतेम वाचते. आता निवेदने वाचून मन द्रवल्यामुळे त्याने १.२७ टक्के-अंक कमी दर, म्हणजे १६.७३ टक्के, स्वीकारला असे धरू. त्याच तीन बुडीत कर्जांसह हाती ९९,२२० रुपये येतात, म्हणजे मुद्दलातच तूट येते. बुडणाऱ्यांची संख्या बदललेली नाही. जोखमीचे मोल तेवढे कमी आकारले गेले. प्रत्यक्षात, वर सांगितल्याप्रमाणे, अशा निवेदनांबरोबर बुडणाऱ्यांची संख्याही वाढण्याचा संभव असतो.

५. दुसरी बाजू

यावरून कर्जदाराचे शब्द निरुपयोगी असतात, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अय्यर, ख्वाजा, लुटमर व शू यांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार प्रॉस्परवरील कर्जदात्यांना केवळ पतश्रेणी दिसत असे, नेमका पतगुणांक दिसत नसे. असे असूनही त्यांच्या सामूहिक बोलीतून ठरलेल्या व्याजदरात कर्ज बुडण्याचा अंदाज पतगुणांकापेक्षा ४५ टक्के अधिक अचूकपणे व्यक्त होत होता. कमी पत असलेल्या कर्जदारांच्या बाबतीत कर्जदाते अनौपचारिक माहितीवर तुलनेने अधिक विसंबत होते. बँकेने नाकारलेल्या परंतु परतफेडीची खरी क्षमता असलेल्या कर्जदारासाठी हा निष्कर्ष आश्वासक आहे.

नेत्झर, लमेर व हर्झेनस्टाईन यांनी २०१९ मध्ये सुमारे १,२०,००० कर्जमागण्यांतील शब्दांचे संगणकाद्वारे विश्लेषण केले. कर्ज बुडविणाऱ्यांच्या लेखनात कुटुंबाचा व देवाचा उल्लेख, ओढाताणीचे वर्णन आणि मदतीची याचना हे अधिक आढळले. म्हणजे शब्दांत माहिती असते. मात्र ती कर्जदाराला जे सांगावयाचे असते तीच असेल असे नाही. कर्जदार ‘देवाशपथ फेडीन’ असे लिहितो तेव्हा त्या वचनाचा अर्थ एक असतो आणि तसे लिहिण्याची वेळ त्याच्यावर आली, या वस्तुस्थितीचा अर्थ दुसरा असतो. अननुभवी कर्जदाता पहिल्या अर्थावर पैसे देतो. आकडेवारी दुसरा अर्थ दाखविते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप व्यावहारिक आहे. शब्दांवरून पत ठरते हे कर्जदारांना कळताच ते शब्द बदलतील. ज्याची नक्कल फुकट करता येते तो संकेत टिकत नाही, ही स्पेन्स यांची अट येथेही लागू होते. दुसरा आक्षेप नैतिक आहे. घरातील आजारपणाविषयी खरे लिहिणाऱ्याला त्याच्या प्रामाणिकपणाची शिक्षा व्हावी काय? छायाचित्रांबाबत तर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पोप व सिडनर यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, समान पत असतानाही कृष्णवर्णीय व्यक्तीचे छायाचित्र असलेल्या मागणीला कर्ज मिळण्याची शक्यता श्वेतवर्णीयांच्या तुलनेत २५ ते ३५ टक्क्यांनी कमी होती. प्रकटीकरण वाढले की न्याय वाढतो, असे नाही. काही प्रकटीकरण केवळ पूर्वग्रहाला वाट करून देते.

६. मध्यस्थाची जबाबदारी

आतापर्यंतच्या विवेचनात कर्जदार व कर्जदाता हे दोनच पक्ष होते. तिसरा पक्ष म्हणजे व्यवहार जुळविणारे संकेतस्थळ. त्याला शुल्क मिळते ते कर्ज दिले गेल्यावर. कर्ज बुडाले तर तोटा कर्जदात्याचा. माहिती पडताळण्याचा खर्च ज्याने करावयाचा त्याला न पडताळण्याची झळ पुरेशी बसत नाही, हा या व्यवस्थेतील मूळ दोष आहे.

अमेरिकेत नियमनाचा रोख याच पक्षाकडे वळला. प्रॉस्परवरून विकले जाणारे कर्जांतील हिस्से हे नोंदणी न केलेले रोखे ठरतात, असे तेथील रोखे व विनिमय आयोगाने नोव्हेंबर २००८ मध्ये म्हटले. जुलै २००९ मध्ये प्रॉस्परने नोंदणीसह काम पुन्हा सुरू केले, तेव्हा नव्या कर्जदारासाठी किमान पतगुणांक ६४० करण्यात आला. डिसेंबर २०१० मध्ये लिलाव बंद झाला आणि व्याजदर संकेतस्थळच ठरवू लागले. कर्जदाराच्या निवेदनाकडून मोजता येणाऱ्या माहितीकडे झालेली ही वाटचाल होती. पुढे लेंडिंग क्लबने २०२० च्या अखेरीस व झोपाने २०२१ मध्ये सामान्य व्यक्तींकडून पैसा घेऊन कर्ज देण्याची पद्धत बंद केली.

चीनचा अनुभव अधिक कठोर आहे. तेथील ‘ईझूबाओ’ या मंचाने सुमारे नऊ लाख गुंतवणूकदारांकडून सुमारे ५० अब्ज युआन गोळा केले आणि २०१५ च्या अखेरीस तो कोसळला. त्यावरील बहुसंख्य कर्जप्रकल्प बनावट होते. म्हणजे ज्यांच्याविषयी माहिती दिली गेली ते कर्जदारच अस्तित्वात नव्हते. नोव्हेंबर २०२० पर्यंत चीनमधील असे सर्व मंच बंद झाले.

७. भारतातील नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१६ मध्ये या विषयावर विचारार्थ टिपण प्रसिद्ध केले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये निदेश जारी करून अशा मंचांना बिगर-बँक वित्तीय कंपनी म्हणून नोंदणी बंधनकारक केली. कर्जदाराला सर्व मंचांवर मिळून १० लाख रुपये, एका कर्जदात्याकडून एका कर्जदाराला ५०,००० रुपये आणि मुदत ३६ महिने, अशा मर्यादा घालण्यात आल्या. कर्जदात्यासाठीची १० लाखांची एकूण मर्यादा २०१९ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढविण्यात आली.

प्रकटीकरणाच्या दृष्टीने या निदेशांतील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, कर्जदाराची ओळख, रक्कम, अपेक्षित व्याजदर व पतगुणांक कर्जदात्याला दाखविणे आवश्यक करण्यात आले. दुसरी, पतमूल्यांकनाची पद्धत व थकीत कर्जांचे प्रमाण मंचाने स्वतः जाहीर करावे, असे ठरविण्यात आले. तिसरी, कर्जदात्याने त्या-त्या कर्जदाराला संमती दिल्याशिवाय कर्ज वितरित होऊ नये, अशी अट घालण्यात आली. प्रत्यक्षात काही मंच ठरावीक परताव्याची व हवे तेव्हा पैसे काढून घेण्याची भाषा करू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निदेश अधिक कडक केले. हमखास परतावा देणारे गुंतवणूक साधन म्हणून या व्यवहाराचा प्रचार करण्यास मनाई करण्यात आली आणि मुद्दल व व्याजाचा तोटा पूर्णतः कर्जदात्याने सोसावयाचा आहे, हे स्पष्ट करण्यात आले.

ज्या कर्जदात्याला आपला पैसा कोणाकडे गेला हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी कर्जदाराचे प्रकटीकरण ही केवळ औपचारिकता ठरते. वाचणाराच नसेल तर माहितीचे प्रमाण कितीही वाढवून उपयोग नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, कर्जदात्याची जोखीम माहितीच्या प्रमाणाने कमी होत नाही. ती माहिती पडताळलेली आहे काय, पडताळणाऱ्याला चुकीची झळ बसते काय आणि तोटा सोसणारा ती प्रत्यक्ष वाचतो काय, या तीन गोष्टींवर जोखीम अवलंबून असते. कर्जदाराचे निवेदन वर्ज्य मानण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या बदल्यात व्याजदरात सवलत देणे म्हणजे तपासता न येणारी वस्तू विकत घेणे होय.

आपल्यापैकी अनेकांकडे अशा व्यवहाराच्या जाहिराती येतात आणि सेवानिवृत्तीच्या रकमेविषयी सहकारी सल्ला विचारतात. अशा वेळी कर्जदाराची कहाणी वाचण्यापूर्वी मंचाला तीन प्रश्न विचारावेत : आपण उत्पन्नाची पडताळणी कशी करता, मागील वर्षांतील किती कर्जे थकली, आणि माझे कर्ज बुडाले तर आपले काय जाते? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर कर्जदार कितीही सज्जन वाटला तरी पैसा हातातून न सोडणेच श्रेयस्कर.