सवलत कागदावर, कागद परभाषेत

शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. हा वारसा आम्ही सीमावासी अभिमानाने सांगतो. पण आपल्याच गावातील दलित वस्तीत सरकारी सवलत किती पोहोचते, हे पाहणार कोण?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ही गावे त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार असतात. महार, मांग, चांभार या जाती महाराष्ट्राच्या यादीत आहेत, तशा कर्नाटकाच्याही आहेत. तरीही एका राज्यातील हक्क दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला आणि २०१८ मध्ये घटनापीठाने तो कायम ठेवला. आपला रोटीबेटी व्यवहार मात्र सीमा मानत नाही. कागलची लेक निपाणीत सून होऊन येते. तिचा दाखला माहेरचा, महाराष्ट्राचा. कर्नाटक सरकारच्या नोकरीत राखीव जागेसाठी तो चालत नाही. जात तीच, विटाळही तोच. हक्क तेवढा नदीपलीकडे राहतो. तिच्या मुलांचा दाखला मात्र वडिलांच्या बाजूने इथेच काढता येतो. तो शाळेत घालतानाच काढावा.

दुसरी अडचण भाषेची. नाडकचेरीतला अर्ज आणि योजनेची सूचना कन्नडमध्ये. ज्याच्या घरात पहिलीच पिढी शिकते, त्याने ती कुणाकडून वाचून घ्यावी? पंधरा टक्के भाषिक अल्पसंख्य असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले होते. मराठी परिपत्रकाची मागणी म्हणजे केवळ अस्मिता नव्हे. गरिबाच्या शिष्यवृत्तीचा तो प्रश्न आहे.

महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये दाखल केला. निकालासाठी आम्ही थांबू, पण अर्जाची मुदत थांबत नाही. म्हणून प्रत्येक गावात जूनमध्ये शिक्षक आणि कन्नड जाणणाऱ्या तरुणांनी समाजमंदिरात बसावे, अर्ज वाचून दाखवावेत, भरून द्यावेत. कन्नड शिकल्याने मराठी बुडत नाही. मोर्चात दलित बांधव आमच्या खांद्याला खांदा लावतात. कचेरीच्या दारात आम्ही त्यांच्यासोबत उभे राहायला नको का?