दंत महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर एवढे प्रश्न का विचारतात?

लातूरचे एमआयडीएसआर किंवा नांदेडचे नांदेड रुरल डेंटल कॉलेज, अशा दंत महाविद्यालयात गेल्यावर बहुधा विद्यार्थीच तुमची पहिली तपासणी करतो. तो ओळीने प्रश्न विचारतो, मध्येच आकडे पुटपुटतो. ‘याला काही येते की नाही?’ अशी शंका मनात येते. पण ही त्याची लक्षात ठेवण्याची युक्ती असते आणि ती तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.

प्रश्नांचा क्रम

दुखण्याची माहिती घेताना काही सुटू नये म्हणून ‘सॉक्रेटिस’ हा शब्द शिकवतात. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधील ८ अक्षरे म्हणजे ८ प्रश्न: कुठे दुखते, कधीपासून, कसे, कुठपर्यंत कळ जाते, सोबत आणखी काय त्रास, किती वेळ, कशाने वाढते-कमी होते आणि किती तीव्र. उत्तरांनी निदान बदलते. थंड पाण्याने क्षणभर कळ येणे वेगळे आणि रात्री आपोआप ठणका लागणे वेगळे. ठणका असेल तर दाताच्या नसेला सूज असू शकते आणि रूट कॅनाल लागू शकते.

आकड्यांचा अर्थ

तोंडाचे चार भाग मानतात: तुमचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. प्रत्येक भागात समोरच्या दातापासून मागे १ ते ८ मोजतात. म्हणून खालची उजवी पहिली मोठी दाढ ४६, तर डावीकडची तीच दाढ ३६. डॉक्टर तुमच्या समोर असल्याने डावे-उजवे उलट होऊ शकते. चुकीची दाढ निघाली तर मोठ्या माणसाला ती पुन्हा येत नाही. म्हणूनच नंबर मोठ्याने म्हणून खात्री करतात.

अनुभवी डॉक्टरही आठवणीवर विसंबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी दिली, ती यासाठीच.

तुम्ही काय करावे?

- मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण, औषधाची अ‍ॅलर्जी न विचारताही सांगा.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. स्वतःहून बंद करू नका.
- भूल देण्यापूर्वी दुखरा दात बोटाने दाखवा आणि ‘कोणता काढणार?’ हे विचारा.
- शंका असल्यास देखरेख करणाऱ्या शिक्षकांना बोलवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.