ईदीतून आणलेला बादाम
हॅमस्टरसाठी पिंजरा आणि खेळणी निवडताना

गेल्या वर्षी रमजान ईदला आमच्या धाकटीने ईदीतला एक रुपयाही खर्च केला नाही. खाला, मामू, फुफू, शेजारचे चाचा, सगळ्यांनी दिलेले पैसे तिने जुन्या कंपासपेटीत जमवले. चौथ्या दिवशी ती पेटी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “मला हॅमस्टर पाहिजे.”

वर्गात मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असं रोज बजावणारे आम्ही. स्वतः मात्र काहीही न वाचता तिला घेऊन दुकानात गेलो. तासाभरात बदामी रंगाचं ते चिमुकलं जनावर आणि त्याचा सगळा संसार घेऊन घरी परतलो. गुलाबी-निळ्या तारांचा दुमजली पिंजरा, हाताच्या पंजाएवढं तारेचं चाक, फिरायला पारदर्शक प्लास्टिकचा चेंडू, अंथरायला कापसासारखी रंगीत गादी, शिवाय एक आरसा आणि घुंगरू लावलेला झोपाळा. ईदी संपली, वर आमच्या खिशातलेही गेले. पण पिंजरा इतका सुंदर दिसत होता, की पाहुणे आले की आधी तोच दाखवला जाई. हॅमस्टरचं नाव ठेवलं बादाम.

बादाम दिवसभर झोपे आणि रात्री पिंजऱ्याच्या तारा कुरतडे. फज्रला उठलं की तो कर्र-कर्र आवाज ऐकू येई. आम्ही म्हणायचो, दात घासतोय. धाकटी म्हणायची, “नाही, तो बाहेर यायला बघतोय.” आम्ही हसायचो.

तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे वेगळाच आवाज आला. बादामचा मागचा पाय चाकाच्या दोन तारांमध्ये अडकला होता आणि तो सुटण्यासाठी स्वतःलाच पिळत होता. आम्ही पाय सोडवला. सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. हाड मोडलं होतं. एवढ्याशा पायाला प्लास्टर टिकत नाही, म्हणून त्यांनी दुखणं कमी करायचं औषध दिलं आणि चाक व वरचा मजला काढून त्याला विश्रांती द्यायला सांगितलं. मग सहज विचारलं, “हे चाक कोणी निवडलं?”

“मी,” धाकटी म्हणाली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. खरं तर निवड आमची होती. नऊ वर्षांच्या मुलीला रंग दिसला. चाकातल्या फटी आम्हाला दिसायला हव्या होत्या. त्या दिवसापासून आम्ही वाचायला, विचारायला लागलो. जे कळलं ते इथे मांडतो आहोत, कारण आजकाल आपल्या बऱ्याच घरांत मुलं हॅमस्टरचा हट्ट धरतात.

हा पाहुणा कुठला?

पाळीव हॅमस्टरचे अनेक प्रकार आहेत. सर्वांत मोठा आणि आपल्याकडे सहज मिळणारा म्हणजे सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर. त्याचं मूळ घर सीरियातील हलब, म्हणजेच अलेप्पो शहराच्या आसपासचा सपाट, कोरडा शेतीचा मुलूख आणि त्याला लागून असलेला तुर्कस्तानचा भाग. उर्दू वाचणाऱ्यांना हलब नवं नाही. तिथल्या काचेची आणि आरशांची ख्याती जुनी आहे. 1930 साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी हलबजवळच्या एका शेतात खणून एक मादी आणि तिची पिल्लं मिळवली. आज जगभरच्या घरांत असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्याच एका कुटुंबाचे वंशज आहेत. तिथल्या रानातले त्यांचे भाऊबंद मात्र आता धोक्यात आले आहेत.

तिथे हा प्राणी बिळात एकटा राहतो. ही बिळं साधारण दोन फूट खोल असतात, काही तर तीन फुटांहूनही खोल. त्यात निजायची जागा वेगळी, धान्य साठवायची वेगळी. गालांच्या पिशव्यांत दाणे भरून आणायचे आणि कोठारात रचायचे, हा त्याचा उद्योग. ‘हॅमस्टर’ या नावाशी नातं असलेल्या जर्मन क्रियापदाचा अर्थच साठा करणं असा आहे.

म्हणजे या जिवाला पाच गोष्टी हव्यात: खणणं, धावणं, लपणं, साठवणं आणि कुरतडणं. आमच्या त्या देखण्या पिंजऱ्यात यातलं काय होतं? खणायला जमीनच नव्हती. लपायला आडोसा नव्हता. होता तो आरसा. ज्या प्राण्याची नजर अधू आहे आणि जो जग वासावर ओळखतो, त्याला आरसा काय कामाचा? तो आमच्यासाठी होता.

सगळ्यात आधी जमीन

हॅमस्टरसाठी सर्वांत मोठं खेळणं म्हणजे खोल अंथरूण. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सोनेरी हॅमस्टरांचे तीन गट केले. एकाला 10 सेंटीमीटर, दुसऱ्याला 40 आणि तिसऱ्याला 80 सेंटीमीटर खोल अंथरूण दिलं. 10 सेंटीमीटरवाल्यांनी तारा सर्वांत जास्त कुरतडल्या. 80 सेंटीमीटरवाल्यांपैकी एकही तारा कुरतडताना दिसला नाही. हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पहाटेच्या त्या कर्र-कर्रचा अर्थ आमच्या धाकटीला आमच्याआधी कळला होता.

प्रत्येक घरात 80 सेंटीमीटर जमणार नाही. पण पेटीच्या निदान अर्ध्या भागात वीतभर, म्हणजे 20 ते 25 सेंटीमीटर थर हवाच. त्याहून जास्त तर उत्तम. त्यासाठी पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं कागदी अंथरूण चांगलं. त्यात थोडं कोरडं गवत मिसळलं की बोगदे ढासळत नाहीत. निजायच्या घरट्यासाठी कोरा, बिनवासाचा टिश्यू पेपर फाडून टाकावा. बादाम तो गालात भरून बिळात नेतो. सुतारकामाचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नये. त्याची बारीक धूळ श्वासात जाते आणि प्लायवूडचा गोंदही त्यात असतो. पाईन, देवदार अशा उग्र वासाच्या लाकडाचा भुसाही नको. आणि ती कापसासारखी मऊ गादी तर मुळीच नको. तिचे धागे पायांना गुंडाळले जातात, गिळले तर आतड्यात अडकतात.

आता पेटीबद्दल. जर्मनीतील पशुवैद्यांची प्राणिकल्याण संघटना एका हॅमस्टरसाठी किमान 100 सेंटीमीटर लांब, 50 रुंद आणि 50 उंच जागा सांगते. म्हणजे सुमारे सव्वातीन फूट लांबी. एवढा तयार पिंजरा महाग पडतो. आम्ही मोहल्ल्यातल्या सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली: समोर जुन्या शोकेसची काच, वर बारीक जाळीचं झाकण, तळाला घराच्या कामातून उरलेल्या टाइल्स. जुनी, गळकी मत्स्यपेटीसुद्धा जाळीचं झाकण बसवून वापरता येते. उंच, अनेक मजली पिंजरा मात्र टाळावा. हॅमस्टरला उंचीचा अंदाज नीट येत नाही आणि पडला तर हाड मोडतं. म्हणूनच घुंगराचा झोपाळाही काढून टाकला.

एका पेटीत एकच सोनेरी हॅमस्टर ठेवावा, हेही इथेच सांगून ठेवतो. ‘एकटा करमणार नाही’ म्हणून जोडी आणली, तर ते जिवावर उठेपर्यंत भांडतात.

चाक घ्यावं, पण कसं?

चाक वाईट नाही. हॅमस्टर एका रात्रीत काही किलोमीटर धावू शकतो. ती हौस भागवायला चाक हवंच. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. एक, धावण्याचा पृष्ठभाग सलग असावा. तारा, जाळी किंवा फटी नसाव्यात. दोन, व्यास पुरेसा असावा: सोनेरी हॅमस्टरसाठी किमान 28 सेंटीमीटर, लहान जातींसाठी 20 सेंटीमीटरच्या आसपास. घरी साधी परीक्षा घ्या. हॅमस्टर धावत असताना बाजूने पाहा. पाठ सरळ राहिली तर चाक बरोबर. पाठ वर वाकून डोकं मागे जात असेल तर चाक लहान आहे. रोज रात्री तसं धावून पाठीचा कणा दुखावतो.

चाकासोबत मिळणारा प्लास्टिकचा चेंडू मात्र घेऊच नये. आत हवा कमी, फटींत बोटं अडकतात, भिंतीवर आपटलं तरी थांबता येत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यातून बाहेर पडणं त्याच्या हातात नसतं. आपल्याला वाटतं तो खेळतोय. तो सुटायला धावत असतो.

स्वयंपाकघरातली खेळणी

पेटी आणि चाक यांवर खर्च झाला, पुढचं जवळपास फुकटात झालं.

करवंटी: नारळाची अर्धी करवंटी आतून खरवडून, धुऊन, वाळवून घ्या. कड कानशीने गुळगुळीत करा आणि दाराएवढी खाच पाडा. सोनेरी हॅमस्टरसाठी कुठलंही दार किंवा नळी 7 सेंटीमीटरपेक्षा अरुंद नको. गाल भरलेले असताना तो तिथेच अडकतो.

मातीची कुंडी: बिनरंगाची छोटी कुंडी आडवी करून अर्धी अंथरुणात पुरली की गुहा तयार.

वाळू: एका पसरट भांड्यात चाळून, धुऊन, तव्यावर भाजून गार केलेली स्वच्छ वाळू ठेवा. हॅमस्टर त्यात लोळून अंगाचा तेलकटपणा काढतो. त्याला पाण्याने आंघोळ घालू नये. रंगीत वाळू किंवा पिठासारखी बारीक पूड नको, ती फुप्फुसांत जाते.

पुठ्ठा: टिश्यू रोलची नळी, अंड्यांचा कागदी ट्रे. नळीत चार दाणे टाकून दोन्ही तोंडं कागदाने बंद करा; उघडण्यात त्याची अर्धी रात्र जाते. रोजचं धान्यही वाटीत न देता अंथरुणात विखरून टाका. शोधून, गालात भरून, कोठारात नेणं हाच त्याचा खेळ. चिकटपट्टी आणि पिना मात्र आधी काढा.

फांदी: हॅमस्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड लागतं. औषध न फवारलेली पेरूची किंवा सफरचंदाची वाळलेली फांदी चालते. रंगवलेली लाकडी खेळणी नकोत.

पेटी साफ करताना सगळंच एकदम बदलू नये. रोज ओला कोपरा काढावा. मोठ्या सफाईच्या वेळी जुन्या अंथरुणाचा काही भाग परत टाकावा. स्वतःचा वास पूर्ण गेला की त्याला घर परकं वाटतं. मुलांनी हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, हे वेगळं सांगायला नको.

आपला उन्हाळा

ईदनंतर लगेच उन्हाळा आला. हॅमस्टरला 18 ते 24 अंश तापमान मानवतं. तिशीच्या पुढे त्याला त्रास होतो. विदर्भ-मराठवाड्यात तर पारा चाळिशी ओलांडतो. पेटी उन्हापासून आणि टीव्हीपासून दूर, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा. आत मातीची कुंडी आणि फरशीचा एक गार तुकडा असू द्या. त्यावर तो पोट टेकून पडतो. दुपारी बर्फाची बाटली कापडात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवा. नुसत्या पंख्याने भागत नाही, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो निपचित पडला, तोंडाला लाळ आली, तर लगेच गार खोलीत नेऊन डॉक्टरांना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

तीन प्रश्न

आता कोणतीही वस्तू घेण्याआधी आमची धाकटी तीन प्रश्न विचारते. तिने ते वहीत लिहून ठेवले आहेत:

1. यात त्याचा पाय, मान किंवा भरलेले गाल अडकतील का?
2. हे कुरतडून गिळलं तर काय होईल?
3. हे त्याला हवं आहे, की मला आवडलं आहे?

तिसऱ्या प्रश्नावर तिने स्वतःच बऱ्याच वस्तू नाकारल्या. आम्ही मोठ्यांनीही हा प्रश्न इतर खरेदीत वापरून पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर सोयीचं आलं असं नाही.

हॅमस्टर साधारण दोन ते अडीच वर्षं जगतो. मूल पाचवीत असताना आणलेला प्राणी ते सातवी-आठवीत जाईपर्यंत निरोप घेतो. हे आणण्याआधीच मुलांना सांगावं. आम्ही धाकटीला उशिरा सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग पेटीत आणखी अंथरूण टाकायला उठली.

बादामचं हाड जुळलं, चालताना तो किंचित लंगडतो. दिवसा तो दिसतच नाही. अंथरुणाखाली त्याचे बोगदे आहेत, काचेलगतच्या एका बोगद्यात कोठारातले दाणे दिसतात. परवा घरी आलेल्या फुफूंनी पेटीत डोकावून विचारलं, “एवढी मोठी पेटी अन् रिकामी कशाला ठेवली?”

“रिकामी नाही,” धाकटी हळू आवाजात म्हणाली, “खाली झोपलाय तो.”