ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शिक्षण : दारिद्र्य, स्थलांतर आणि निवासाचा प्रश्न

प्रस्तावना :
ग्रामीण भागातील दारिद्र्य आणि बालकांचे शिक्षण यांचा विचार करताना पालकांची उदासीनता हे कारण वारंवार पुढे केले जाते. मिरजगाव परिसरातील ऊसतोड मजुरांच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. येथे मूल शाळेत दाखल होते, त्याचे नाव पटावर असते. परंतु दिवाळीनंतर ते गावात नसते. या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न हा मूलतः निवासाचा प्रश्न कसा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी :
पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर ऊस वाढला आणि विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरची सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. दक्षिणेकडील कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके व लगतचा आष्टी तालुका पर्जन्यछायेत राहिले. एका भागाने साखर पिकविली, दुसऱ्याने ती तोडणारे हात पुरविले. आजही येथील कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

या मजुरीचे एकक व्यक्ती नसून जोडपे असते. त्यास 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घेतली जाते आणि ती तोडणीतून फेडावी लागते. पती-पत्नी दोघांनाही जावे लागत असल्याने मुलांना मागे ठेवण्यास घरात कर्ता माणूस उरत नाही. म्हणून मुले कोपीवर जातात. थोरले मूल धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते. मुलगी वयात येऊ लागली की तिला गावी एकटे ठेवण्याची भीती आणि नव्या कोयत्याची गरज या दोन्ही गोष्टी तिला बालविवाहाकडे ढकलतात.

शिक्षणावरील परिणाम :
शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि ऊसतोडीचा हंगाम त्याच्या दुसऱ्या सत्रावर येतो. परिणामी या मुलाच्या वाट्याला दरवर्षी पाठ्यपुस्तकाचा पूर्वार्धच येतो. गणितासारख्या विषयात आधीचे घटक सुटले की पुढचे समजत नाहीत. वर्ग बदलत जातो, आकलन मागे राहते आणि माध्यमिक स्तरावर मूल शाळा सोडते. नोंदवहीत यास 'गळती' म्हटले जाते. प्रत्यक्षात ती दरवर्षी काही महिन्यांनी साचत गेलेली तूट असते.

उपाययोजना व मर्यादा :
आजवरचे प्रयत्न स्थूलमानाने तीन प्रकारचे आहेत.

१) साखरशाळा : कारखान्याच्या परिसरात, मजुरांच्या तळाजवळ शाळा चालविण्याचा हा प्रयोग होता. शाळा मुलाच्या मागे गेली, हे त्याचे मोल. तथापि फड बदलला की तळ हलतो आणि शाळा तेथेच राहते.

२) कायदेशीर हक्क : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क त्यात आहे. त्यानंतर साखरशाळांऐवजी नजीकच्या नियमित शाळेत प्रवेश देण्यावर भर आला. मात्र तळापासून शाळेचे अंतर, हंगामाच्या मध्यावर होणारा प्रवेश आणि पहाटेच फडात जाणारे पालक यांमुळे कागदावरील प्रवेश व प्रत्यक्ष उपस्थिती यांत अंतर राहते.

३) वसतिगृहे : हंगामी वसतिगृह योजनेत मुलाला गावातच ठेवून त्याच्या भोजनाची सोय केली जाते. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. तिच्या पहिल्या टप्प्यात जिल्ह्यातील पाथर्डी व जामखेड तालुक्यांचा समावेश झाला.

या तिसऱ्या मार्गाला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. गरीब मुलाला शाळा देण्याआधी अंथरूण व भाकर द्यावी लागते, ही जाण त्यामागे होती.

अन्यत्र पाहता, अमेरिकेने १९६६ मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी स्वतंत्र शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पुढे आर्कान्सा या ग्रामीण राज्यातील लिटल रॉक येथून या मुलांच्या शैक्षणिक व आरोग्यविषयक नोंदी देशभरच्या शाळांना पुरविणारी यंत्रणा चालविली गेली. मूल कोठेही गेले तरी त्याची शैक्षणिक जबाबदारी कोणाची, हे निश्चित असावे, हे तत्त्व आपल्यालाही उपयुक्त आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते, की जी व्यवस्था मुलाला हंगामभर सुरक्षित निवारा, भोजन व सोबत देते, तीच त्याला शाळेत टिकवू शकते. वसतिगृह दिवाळीपूर्वी सुरू होणे येथे निर्णायक ठरते. कुटुंब निघून गेल्यावर मिळालेली मंजुरी त्या वर्षापुरती निरुपयोगी असते.

महाविद्यालयीन अध्यापकांचाही या प्रश्नाशी थेट संबंध आहे. या कुटुंबांतून पदवी वर्गापर्यंत पोहोचणारे विद्यार्थी हे त्या गळतीतून वाचलेले मोजके विद्यार्थी असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांकडून सप्टेंबरमध्ये दत्तक गावातील स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी तयार करून ती शाळा व पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे देणे, हे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे. हे काम कोयता गावाबाहेर पडण्यापूर्वी व्हावयास हवे.