स्नायूंच्या लांबीचे मापन, खांद्याच्या

खांदेदुखीच्या रुग्णाची तपासणी करताना खांद्याभोवतीचे विशिष्ट स्नायू आखडले आहेत काय, हे ठरविण्यासाठी केलेले मोजमाप. जिवंत शरीरातील स्नायूची लांबी सरळ मोजता येत नाही; म्हणून त्वचेखाली हाताला लागणाऱ्या अस्थिखुणांमधील अंतर किंवा सांध्याच्या हालचालीचा कोन मोजून ती अप्रत्यक्षपणे अजमावतात. गुण्या, फीत व कोनमापक ही त्याची नेहमीची साधने होत.

पद्धती : लघु वक्षस्नायू (पेक्टोरॅलिस मायनर) हे याचे ठळक उदाहरण आहे. हा स्नायू सामान्यतः तिसऱ्या ते पाचव्या बरगड्यांपासून निघून अंसफलकाच्या (खांद्याच्या फऱ्याच्या) अंसतुंड या चोचीसारख्या प्रवर्धास चिकटतो. तो आखडल्यास अंसफलक पुढे कलतो व हात वर उचलताना अंसकूट या खांद्याच्या टोकाशी असलेल्या हाडाखालील जागा अपुरी पडते, असे मानतात. रुग्णास उताणे निजवून अंसकूटाची मागील कड मेजापासून किती उंच राहते, हे एका पद्धतीत मोजतात. दुसऱ्या पद्धतीत चौथी बरगडी जेथे उरोस्थीस मिळते तेथपासून अंसतुंडापर्यंतचे अंतर घेतात. उंच व ठेंगण्या व्यक्तींची तुलना करता यावी, म्हणून या अंतरास शरीराच्या उंचीने भागून १०० ने गुणतात.

प्रमादाची कारणे : मापनातील फरक केवळ साधनामुळे पडत नाही. तापीकाठच्या सारंगखेडा (ता. शहादा, जि. नंदुरबार) या गावी दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. घोड्याची उंची जमिनीपासून खांद्यावरील उंचवट्यापर्यंत मोजली जाते. परंतु जमीन असमान असल्यास किंवा घोड्याने मान खाली घातल्यास काठी तीच असूनही आकडा बदलतो. मनुष्याच्या बाबतीत श्वासाची अवस्था, हातांची ठेवण आणि अस्थिखूण शोधणाऱ्या बोटांचा दाब यांचा असाच परिणाम होतो. खांदा दुखत असल्यास आणखी एक अडचण येते. वेदनेच्या भीतीने रुग्ण स्नायू आवळून धरतो, त्यामुळे मोजली जाते ती लांबी की सोसण्याची मर्यादा, हे सांगणे कठीण होते.

विश्वसनीयता : एकाच परीक्षकाने पुन्हा मोजल्यावर आकडे जुळणे ही परीक्षकांतर्गत, तर भिन्न परीक्षकांचे आकडे जुळणे ही आंतरपरीक्षक विश्वसनीयता होय. ती सामान्यतः ० ते १ या दरम्यानच्या सहसंबंध गुणांकाने व्यक्त करतात. मात्र तपासलेल्या व्यक्तींमध्ये परस्परांत मोठे फरक असल्यास गुणांक सहज उच्च येतो. म्हणून मापनाचा प्रमाण प्रमाद सेंटिमीटरमध्ये वा अंशांमध्ये दिलेला असणे आवश्यक असते. या प्रमादास सु. २·७७ ने गुणले असता खरा बदल म्हणता येईल असा किमान फरक मिळतो. समजा, प्रमाद ०·३ सेंमी. आहे, तर सु. ०·८ सेंमी.पेक्षा कमी फरकास सुधारणा म्हणता येत नाही. सारंगखेड्याच्या रुग्णाची पहिली तपासणी शहादे येथे व दुसरी नंदुरबार येथे झाल्यास त्यात आंतरपरीक्षक प्रमाद मिसळतो आणि तो बहुधा अधिक असतो.

यथार्थता : आकडे जुळले म्हणजे निदान बरोबर ठरले, असे नव्हे. लुइस व व्हॅलेंटाइन यांनी २००७ मध्ये खांद्याची लक्षणे असलेल्या ४५ व नसलेल्या ४५ व्यक्तींमध्ये वरील उताण्या स्थितीतील चाचणी तपासली. एकाच परीक्षकाच्या मापनांतील जुळणी उत्तम होती. परंतु मेजापासून २·६ सेंमी. ही प्रचलित मर्यादा लावली असता निरोगी व्यक्तींसह सर्वांचेच स्नायू ‘आखडलेले’ ठरले. अर्थात, दुखणारा व न दुखणारा खांदा यांत ही मर्यादा भेद करू शकली नाही. अशा आकड्याच्या आधारे ताणाचे व्यायाम सांगितल्यास रुग्णाचा वेळ व पैसा व्यर्थ जाण्याचा आणि दुखण्याचे खरे कारण दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.

उपयोग : महाराष्ट्रात मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी भौतिकी चिकित्सेचे शिक्षण सुरू झाले आणि हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिकी वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. नासिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) कक्षेत या शास्त्राचे पदवी शिक्षण राज्यभर दिले जाते. मापनाचे प्रशिक्षण हा त्याचा भाग होय. शरीराची ठेवण ठराविक राखणे, तीन मापनांची सरासरी काढणे, शक्यतो एकाच परीक्षकाने मोजणे, दोन्ही खांदे मोजणे आणि आकड्याबरोबर पद्धतीची नोंद करणे, यांमुळे प्रमाद कमी होतो. तरीही एकट्या आकड्यावरून निदान न करता रुग्णाची वेदना, हालचाल व दैनंदिन कामाची क्षमता यांच्या जोडीनेच त्याचा विचार करणे इष्ट ठरते.