मावशीची शिमला मिरची आणि माझी घाई

"शिमला मिरची गावरान मिरचीजवळ लावू नको, तीपण तिखट होते." गोरेगाव तालुक्यात राहणारी माझी मावशी हे म्हणाली तेव्हा माझं पीएचडीचं पहिलं वर्ष चालू होतं. अंगात ज्ञान जरा जास्तच. मी हसले आणि असं होत नसतं म्हणून सांगून टाकलं.

पुस्तकाप्रमाणे मी बरोबर होते. तिखटपणा येतो कॅप्सेसिनमुळे. ते बियांत नाही, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात तिथं तयार होतं. हा गाभा त्याच झाडाचा, म्हणजे आईचा. मधमाशीनं दुसऱ्या मिरचीचे परागकण आणले तरी त्यांचा वाटा फक्त बीमध्ये जातो. ते फळ गोडच राहतं.

पण मी एक साधा प्रश्न विचारलाच नव्हता: रोपं कुठली? ती नर्सरीची नव्हतीच. मावशीनं सांदवाडीतल्याच फळांचं बी धरलं होतं. म्हणजे ती दुसऱ्या पिढीबद्दल बोलत होती आणि मी पहिल्या. शिमला मिरचीत कॅप्सेसिन बनवायला लागणारं जनुक निकामी असतं. चालू जनुकाची एक प्रत शेजारून आली, की पुढच्या वर्षीचं झाड तिखट.

तुम्ही म्हणाल, बाजारातली शिमला मिरची बहुतेक संकरित, तिच्या बियांपासून वेगवेगळी झाडं निघणारच. आकारापुरतं खरं आहे. तिखटाचं मात्र तसं नाही. दोन्ही पालक गोड असतील तर तिखटपणा आतून येणार कुठून? तो बाहेरूनच आलेला असणार. पर्यायी कारण असं एकेक करून तपासावं लागतं, व्हायवामध्ये हेच विचारतात.

"मिरची स्वपरागित आहे" या वाक्यावरही विसंबू नका. वेगवेगळ्या अभ्यासांत परपरागणाचं प्रमाण १० टक्क्यांच्या खालीही मिळालंय आणि ९० टक्क्यांच्या आसपासही. किडे किती, वाण कोणता, झाडांत अंतर किती, यावर ते ठरतं.

मला खरी काळजी वेगळीच वाटली. मावशीकडची गावरान मिरची तिच्या सासूपासून चालत आलेली. तिच्यातही शिमला मिरचीचा पराग शिरत असणार. तिथं तिखट जनुक प्रभावी, त्यामुळे मिसळ झालेलं झाडही तिखटच लागणार! चवीवरून पहिल्या वर्षी काही कळायचं नाही. सौम्य झाडं त्यानंतरच्या पिढीत निघणार, आणि तोवर जुनं बी संपलेलं असेल.

म्हणून यंदा आम्ही गावरानच्या पाच झाडांवर, न उमललेल्या कळ्यांना पातळ सुती पिशव्या बांधल्या. एकाच झाडाचं बी धरलं असतं तर त्या वाणातली विविधताच गेली असती. फळ धरल्यावर पिशवी काढली आणि देठाला लाल दोरा बांधला. तुलनेसाठी त्याच झाडांची उघडी फळंही वेगळी ठेवलीत. दोन्ही बियांच्या पुड्यांवर झाडाचा क्रमांक आणि तारीख आहे. पुढच्या पावसाळ्यात दोन्ही वाफे शेजारी टाकायचे. मावशीनं मात्र आधीच बजावलंय, शिमला मिरची या वेळी पलीकडच्या बांधावर.